रिकाम्या हाताची हाक

माझी बायको सिंधूबाई मेंढरांना जी हाक मारायची ती आमच्या गावात दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. मलाही नाही. हाक खालून, पोटातून सुरू व्हायची, वर चढत जायची, आणि अगदी वर पोचली की ती जिभेनं तिचे तुकडे करायची. मेंढरं पलीकडच्या टेकाडावर असली तरी माना वर करायची. आधी भोरी निघायची. भोरी म्हणजे आमची म्होरकी मेंढी, गळ्यात घंटी बांधलेली. ती निघाली की बाकीची तिच्या मागं.

मेंढरं आली की सिंधूबाई पदराच्या गाठीतून खडेमीठ काढायची आणि भोरीला हातावर चाटू द्यायची. मीठ नसलं तर बाभळीच्या शेंगा. त्याही नसल्या तर भोरीच्या कानामागं खाजवायची. पण हाक मारून रिकामा हात तिनं कधी दाखवला नाही. हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं.

"माणूस फसलं तर भांडतं," ती म्हणायची. "जनावर भांडत न्हाई. ते दुसऱ्यांदा बी तसंच पळत येतं. म्हणून जास्त पाप."

ती माघात गेली. किडन्या निकामी झाल्या होत्या. नांदेडला दवाखान्यात ठेवली, मग घरी आणली, मग गेली. आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या मागच्या पाण्याच्या कडेला आहे. तिची राख त्याच पाण्यात सोडली.

आम्हाला एकच लेक, रागिणी. ती पुण्यात एका कंपनीत कंप्युटरवर काम करते. निरोप गेल्यावर ती गाडीनं हिंगोलीला आली आणि तिथून जीपनं गावात. आमच्यात मयताला लेक येते ती वेशीपासून रडत येते. गावातल्या बायका तिला धरायला वेशीपर्यंत जातात. नुसतं रडायचं नसतं, रडता रडता बोलायचं असतं. आई अशी होती, आई तशी होती, आता मला कोण विचारणार. बायका तयार होऊन वेशीवर उभ्या होत्या. रागिणी जीपमधून उतरली, पाठीवरची बॅग सरळ केली आणि त्यांच्या मधून चालत घरी आली. आईच्या पायाशी बसली. आवाज नाही, डोळ्यात पाणी नाही.

माझी भावजय रूपाबाई तिला हलवायला लागली. "रड की गं. आई हाय ती तुझी. रड, तिची वाट मोकळी होऊ दे."

रागिणी तिच्याकडं बघत राहिली. शेवटी रूपाबाईच तिच्या वाटणीचं रडली, आणि ती मोठ्यानं रडते.

मला ते लागलं. 

रागिणी पुण्यात सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये गाते, हे आम्हाला ठाऊक होतं. गाते असं म्हणायचं. मागच्या वर्षी माझा मित्र हरिचंद, जो जीपमधून गावोगाव कांदे-बटाटे विकतो, त्यानं मला बाजारात मोबाइल दाखवला होता.

"मसाजी, ही आपली रागिणी हाय का बघ. तोंडाला पांढरं फासलंय, डोळ्याभोवती काळं. मला वाटलं पोतराज हाय."

"तीच हाय."

"मंग वरडून काहून राहिली? कुणी मारून राहिलं का तिला?"

सिंधूबाईला दाखवलं तर तिनं ते सगळं शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "घसा फाटंल लेकीचा. हळदीचं दूध घे म्हणावं."

या गाण्याला ब्लॅक मेटल म्हणतात. रागिणी दिवाळीला आली तेव्हा सिंधूबाईनं तिला चुलीसमोर बसवून विचारलं की ही गाणी कोणत्या देवाची. रागिणीनं सांगितलं की फार वर, उत्तरेला, बर्फाचे मुलूख आहेत. तिथं आता ते देव कुणी पुजत नाही, पण हे गाणारे लोक त्यांना धरून आहेत. त्यांचा मोठा देव ओडिन. त्यानं शहाणपणासाठी एक डोळा काढून दिला. त्याच्या खांद्यावर दोन कावळे. एकदा त्यानं स्वतःलाच झाडाला टांगून घेतलं, खाणं नाही, पाणी नाही.

"काहून?" सिंधूबाई म्हणाली.

"विद्या शिकायला."

"शाळा न्हवती वाटतं तिकडं."

आम्ही तिघंही हसलो. मग मी विचारलं, "आपला बिरोबा हाय, खंडोबा हाय. एवढ्या लांबचे देव काहून पायजेत तुला?"

"ते मरतात बाबा," रागिणी म्हणाली. "आपले मरत न्हाईत. त्यांचे मरतात, आणि त्यांना आधीच ठाऊक असतं की आपण मरणार हाओत. तरी लढायला जातात."

"मंग नवस कुणाला करत असतेल?" सिंधूबाई म्हणाली आणि भाकरी उलटवली.

दुसऱ्या दिवशी रागिणीनं आईची हाक मोबाइलात भरून घेतली. तिच्या नव्या गाण्यात तिला ती पाहिजे होती. तिकडच्या बायकाही पूर्वी डोंगरावर गाईंना अशीच हाक मारायच्या, असं ती म्हणाली. सिंधूबाई लाजली, मग तयार झाली. पण तिनं अट घातली. आधी रागिणीच्या मुठीत खडेमीठ दिलं.

"हाक तुझ्या कामाची हाय, माझ्या न्हाई. मेंढरं येतील ती फुकट येतील. तू चारायचं त्यांला."

मेंढरं आली. रागिणीनं एका हातात मोबाइल धरला होता, दुसरा हात भोरी चाटत होती. सिंधूबाईचे पाय तेव्हाच सुजायला लागले होते, पण आम्हाला कळलं नव्हतं.

तेरावा झाला. पाहुणे गेले. घरात मी आणि रागिणी राहिलो. मी तिला म्हणालो, "तुझ्याकडं तिची हाक हाय ना. मला ऐकव."

मग म्हणाली, "निस्ती हाक न्हाई राहिली बाबा. तो मोबाइल पाण्यात पडला. कंप्युटरवर होती, तो बी बिघडला. आता फक्त गाण्यात हाय."

"मंग गाणं ऐकव."

"तुमच्यानं ते ऐकवणार न्हाई."

"मी ऐकतो."

तिनं माझ्या मोबाइलात गाणं घातलं. मी अंगणात बाजेवर बसून ते ऐकलं. आधी वारा. मग शिंग फुंकल्यासारखा आवाज. मग गिटार, पण पत्र्याच्या शेडवर गारा पडाव्यात तशी. ढोल इतका जलद की बिरोबाच्या जत्रेतले आमचे ढोलवाले दमून बसतील. ते बराच वेळ चाललं. माझं डोकं दुखायला लागलं. मग सगळं एकदम थांबलं आणि सिंधूबाईनं हाक मारली.

ती अंगणातच आहे असं वाटलं. खालून वर, आणि वर गेल्यावर तुकडे. तीन वेळा.

त्यानंतर रागिणीचा आवाज आला. तो बाईचा आवाज नव्हता, माणसाचाही नव्हता. लांडग्याच्या नरड्यात दगड अडकला तर तो असा ओरडेल. मला वाटलं, सिंधूबाईच्या तोंडावर कुणी माती टाकली. मी घाईघाईनं मोबाइल बंद केला.

"हे काय म्हणून राहिली तू तिच्यावर?"

रागिणी माझ्या शेजारी खाली बसली आणि तिनं गाण्यातली गोष्ट सांगितली. देवांचा एक लाडका पोरगा होता, बाल्डर. सगळ्यांना आवडायचा. तो मेला. त्याच्या आईनं खालच्या मुलखात, मेलेल्यांच्या मुलखात निरोप धाडला की माझं लेकरू परत द्या. खालची मालकीण म्हणाली, जगातल्या झाडून सगळ्या वस्तू त्याच्यासाठी रडल्या तर देते. मग सगळं रडलं. माणसं रडली, जनावरं रडली, झाडं, दगड, लोखंडसुद्धा रडलं. एक म्हातारी तेवढी गुहेत बसली होती. ती नाही म्हणाली. मला तो जिवंत असताना कामाचा नव्हता आणि मेल्यावरही नाही, खाली आहे ते खालीच राहू द्या, असं म्हणाली. तिच्या एकटीमुळं तो परत आला नाही.

"त्या म्हातारीला कुणी मारलं का न्हाई?"

"काही लोक म्हणतात ती म्हातारी न्हवतीच. एक खोडीचा देव होता, रूप घेऊन बसला होता."

"आणि गाण्यात तू कोण?"

"म्हातारी."

"म्हणजे ती हाक मारून राहिली, आणि तू तिला न्हाई म्हणून राहिली."

"गाणं आईचा आजार कळायच्या आधी झालं होतं. मला काय ठाऊक होतं का? सगळेच त्याच्या आईच्या बाजूनं गातात. मला वाटलं, न्हाई म्हणणारीच्या बाजूनं बी कुणीतरी गावं."

"मयताला बी तू त्या म्हातारीच्याच बाजूनं होतीस मग."

हे मी बोलायला नको होतं. ती उठली. दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "रडल्यानं परत येती असं कुणी सांगितलं असतं तर रडले असते बाबा."

दुसऱ्या दिवशी ती पुण्याला निघाली. जाताना मीच म्हणालो की मला फक्त आईची हाक पाहिजे, तुझा आवाज नको. ती म्हणाली की त्यांच्या बँडमधला मुकुल, जो गिटार वाजवतो, तो कंप्युटरवर हाक वेगळी काढायचा प्रयत्न करून राहिला आहे, पण जमलं तर जमलं. तोवर मोबाइलच्या पडद्यावरची गाण्याची रेघ बोटानं कुठपर्यंत ओढायची ते तिनं मला दाखवलं. जीपमध्ये बसताना परत वळली.

"मेंढरांना ऐकवू नका. आई काय म्हणायची ठाऊक हाय ना."

"ठाऊक हाय."

त्यानंतर मी रोज रानात मेंढरांमागं जाऊन ते ऐकत होतो. रेघ ओढायला माझं बोट जाड पडतं. कधी जास्त पुढं जायची, कधी मागं, मग तो गारांचा पाऊस पुरा ऐकावा लागायचा. हळूहळू मला तो पाठ झाला. कुठं ढोल थांबतो, कुठं शिंग परत येतं. सवय झाली. हाक आली की मी कानाला मोबाइल लावून डोळे मिटायचो. तिसरी हाक संपली की लगेच बंद करायचो. रागिणीचा आवाज मी परत एकदाही ऐकला नाही.

मेंढरं मात्र ऐकत होती. मोबाइलचा आवाज बारीक, तरी भोरी चरता चरता थांबायची आणि कान टवकारायची. इकडं यायची, माझ्या हाताचा वास घ्यायची, परत जायची. मी तिला कधी मीठ देत होतो, कधी विसरत होतो.

सिंधूबाई गेल्यापासून कळप मला आवरत नव्हता. माझी हाक बसकी आहे. मेंढरं संध्याकाळी पांगायची, एखादी दुसऱ्याच्या तुरीत सापडायची, एक तर सापडलीच नाही. रूपाबाई गावात सांगत फिरायची की पोटची पोर रडली नाही म्हणून सिंधू वर जाईना, आणि सिंधू जाईना म्हणून मेंढरं ठिकाणावर राहीनात. मला तोंडावरही म्हणाली.

"भावजी, पोरीला बोलावून घ्या. येशीवर बसवा आणि रडवा. एकदा रडली की सगळं बराबर होईल."

"कुणाला धरून रडवता येतं का वहिनी?"

"कांदा द्या हातात," रूपाबाई म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

चैत्रात पाणी खाली गेलं. धरणाचं पाणी ओसरलं की कडेची जमीन उघडी पडते आणि तिच्यावर कोवळं गवत येतं. मेंढरांना ते फार आवडतं. त्याच्या पलीकडं गाळ असतो. गाळ वरून वाळून पापडासारखा होतो, भेगा पडतात, माणसाला वाटतं की वर पाय देता येईल. खाली लापशी असते. गावातली सगळी लेकरं हे शिकून मोठी होतात. मेंढरंही शिकतात, म्हणजे म्होरकी शिकते आणि बाकीची तिच्या मागं असतात. भोरी कधी त्या भेगांच्या पुढं गेली नव्हती.

हरिचंदच्या जीपवर भोंगा आहे. त्याला मोबाइलची पिन लागते. मी त्याला म्हणालो की एक दिवस दुपारी धरणावर ये, मेंढरं लांब जातात, सिंधूबाईची हाक भोंग्यावर लावू, म्हणजे आपोआप वर येतील. हे मी त्याला सांगितलं. खरं असं होतं की मला ती हाक एकदा उघड्या रानात मोठ्यानं ऐकायची होती, जशी ती जिवंतपणी यायची तशी. कानाला डबी लावून नाही.

"माझ्या भोंग्याला कांद्याची सवय हाय," हरिचंद म्हणाला. "तुझ्या पोरीचं गाणं लावलं तर पुढच्या गावात कांदे घ्यायला कुणी यायचं न्हाई."

"पोरीचं न्हाई लावायचं. बायकोचं तेवढं लावायचं."

दुसऱ्या दिवशी तो जेवण करून जीप घेऊन आला.

आम्ही जीप वरच्या काठावर उभी केली. मेंढरं खाली गवतात पांगली होती, भोरी सगळ्यांत पुढं, पाण्याच्या बाजूला. ऊन होतं, वारा पडला होता. पाणी काचेसारखं. पलीकडच्या काठाला उभा डोंगर आहे. मी मोबाइलची रेघ ओढली, हरिचंदनं पिन लावली, मोबाइल जीपच्या सीटवर ठेवला आणि आम्ही दोघं बाहेर उभे राहिलो. रेघ थोडी मागं पडली होती. आधी गिटारीचा शेवट आला. हरिचंदनं कानावर हात ठेवले. मग सगळं थांबलं आणि सिंधूबाईची हाक भोंग्यातून निघाली.

सगळ्या मेंढरांनी माना वर केल्या. सगळ्यांनी. माझे डोळे भरून आले. भोरी वळली आणि आमच्याकडं दोन पावलं आली.

भोंग्यातला आवाज भोंग्यासारखाच होता, पत्र्याचा. कांदे घ्या म्हणणारा आवाज. भोरी थांबली. तेवढ्यात ती हाक पलीकडच्या डोंगराला लागून पाण्यावरून परत आली. पाण्यावरून येताना तिच्यातला पत्रा गेला होता. ती मऊ झाली होती. हुबेहूब सिंधूबाई, पल्याडच्या काठावर उभी राहून बोलावत असलेली. मलासुद्धा तसंच वाटलं. मीसुद्धा तिकडंच बघितलं.

भोरी पाण्याकडं वळली.

दुसरी हाक गेली आणि परत आली. भोरी पळायला लागली, घंटी वाजवत, भेगांवरून सरळ. तिच्या मागं सगळा कळप. मी ओरडत खाली धावलो. हरिचंदही धावला. जीपजवळ कुणीच राहिलं नाही. पिन काढायचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तिसरी हाक माझ्या डोक्यावरून गेली आणि समोरून परत आली. भोरी छातीपर्यंत गाळात होती आणि तरी पुढं रेटत होती. तिच्या मागची पाच-सहा पोटापर्यंत रुतली. बाकीची भेगांवर चढलेली, पापड त्यांच्या खाली मोडत होता, आणि मागची त्यांना ढकलत होती. मेंढरं अशीच असतात. पुढची मरते म्हणून मागची थांबत नाही.

मी काठी फिरवली, दगड मारले, घसा फोडला. एकही थांबली नाही. माझ्याकडं एकीनंही बघितलं नाही.

आणि मग रागिणी ओरडली.

आधी मागून, भोंग्यातून. मी ते विसरूनच गेलो होतो, इतके दिवस मी ते तोडत आलो होतो. मग ते ओरडणं डोंगराला लागून पाण्यावरून परत आलं. हाकेसारखं मऊ होऊन नाही आलं. होतं त्याहून मोठं होऊन आलं. जिथून आई बोलावत होती तिथूनच, त्याच डोंगरातून, नको नको म्हणून कुणी फाडून खायला उठल्यासारखं. शब्द मला कळत नव्हते. पण त्याचा अर्थ मला तिनं अंगणात सांगितला होता.

कळप जागच्या जागी थांबला. पुढच्यांनी तोंडं फिरवली. मागच्यांना ढकलत, एकमेकींच्या पाठीवर चढत सगळी उलटी फिरली आणि काठाकडं पळत सुटली. माझ्या दोन्ही बाजूंनी गेली. मी खाली पडलो, माझ्या अंगावरून गेली. भोंगा ओरडतच होता आणि डोंगर ओरडतच होता, आणि मेंढरं त्याच्यापासून लांब, कोरड्या जमिनीवर पळत होती.

रुतली होती त्यांना फिरता आलं नाही.

हरिचंदनं जीपमधले कांद्याचे कट्टे रिकामे केले आणि बारदानं गाळावर अंथरली. त्यांच्यावर आम्ही पोटावर सरकत गेलो. जवळच्या दोन ओढून काढल्या. बाकीच्या आमच्या समोर गेल्या, तोंडात गाळ जाऊन. भोरी सगळ्यांत लांब होती. फक्त डोकं वर. मी शेवटच्या बारदानावर आडवा झालो आणि हात लांबवला तर तिच्या कानापर्यंत पोचला. त्याच्या पुढं नाही. धरून ओढण्यासारखं काही हातात येत नव्हतं.

ती माझ्याकडं बघत नव्हती. पल्याडच्या काठाकडं बघत होती.

मी तिच्या कानामागं खाजवत राहिलो. गाणं संपलं होतं. हरिचंद मागून माझे पाय धरून होता आणि शिव्या देऊन रडत होता. ती गेली तेव्हा कानावरूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणावरच्या भोयांनी होडीतून दोर टाकून तिला काढली. मी काठावर खड्डा केला. आत ठेवायच्या आधी तिचं तोंड धुतलं आणि दोन मुठी खडेमीठ तिच्या तोंडाशी ठेवलं. रूपाबाई बघायला आली होती.

"मेंढीला मीठ पुरून राहिले. येड लागलं का भावजी?"

"हाकेला आली होती ती," मी म्हणालो.

तिला वाटलं मला खरंच वेड लागलं. मग म्हणाली, "पोरीला कळवलं का? आता तरी रडली का ती?"

"हरिचंदनं कळवलं. न्हाई रडली. आणि तिला कुणी रड म्हणायचं न्हाई. तुमी बी न्हाई."

संध्याकाळी रागिणीचा फोन आला. हरिचंदनं तिला सगळं सांगितलं होतं.

"हातात मीठ होतं का बाबा?"

"न्हाई."

"काहीच न्हवतं?"

"न्हाई."

ती मला बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, "मुकुलला जमलं. आजच जमलं. हाक वेगळी निघाली, एकदम साफ. गिटार न्हाई, माझा आवाज न्हाई. निस्ती आई. तुम्हाला धाडू का?"

मी अंगणात उभा होतो. समोर जाळीच्या कुंपणात मेंढरं होती, काल जगलेली. भोरीची जागा मोकळी होती आणि तिथं कुणी बसत नव्हतं. ज्याच्यासाठी मी एवढे दिवस रानात तो गारांचा पाऊस कानात घेत होतो ते आता रागिणीच्या बोटाखाली होतं. तिनं बोट दाबलं असतं तर माझ्या हातात आलं असतं. सिंधूबाई, एकटी, पाहिजे तितक्या वेळा.

"बाबा? धाडू का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"नक्की?"

"पुसून टाक ती. गाण्यात हाय तेवढी राहू दे. तुझा आवाज हाकेमागं हाय तिथं."

फोन तिकडून बंद झाला का इकडून ते मला आठवत नाही.

मी आत जाऊन डब्यातलं खडेमीठ मुठीत घेतलं. जाळीजवळ उभा राहिलो आणि हाक मारली. माझी, बसकी. कुणी मान वर केली नाही. परत मारली. एक कोकरू खोकलं. बाकीची पाण्याकडं तोंड करून बसली होती.

मग मीच जाळी उचलून आत गेलो आणि एकेकीच्या तोंडाशी हात नेला.